सूत्राने ७.४ दिलं, मीटर ७.० दाखवतंय: फॉस्फेट बफरचं कुठे बिनसतं?

प्रश्न थोडक्यात असा. एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या एका विद्यार्थ्याला एन्झाइमच्या प्रयोगासाठी एक लिटर ०.१ मोलर सोडियम फॉस्फेट बफर, म्हणजे पीएच (आम्लतेचं माप) एका जागी धरून ठेवणारं द्रावण, हवा आहे, पीएच ७.४. त्याने पुस्तकातून फॉस्फोरिक आम्लाचा दुसरा पीकेए (आम्ल किती सहज प्रोटॉन सोडतं त्याचा आकडा, जितका लहान तितकं आम्ल तीव्र) ७.२० घेतला आणि हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरणात (पीएच = पीकेए + डायबेसिक भागिले मोनोबेसिकचा लॉग) बसवला. डायबेसिक (डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट) ६१.३ मिलिमोल आणि मोनोबेसिक (सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट) ३८.७ मिलिमोल असं उत्तर आलं. म्हणजे निर्जल डायबेसिक ८.७० ग्रॅम आणि मोनोबेसिक डायहायड्रेट ६.०४ ग्रॅम. दोन्ही विरघळवून फ्लास्क मार्कपर्यंत भरला, तर मीटरवर ७.०२. दुसऱ्या दिवशी सगळं नव्याने केलं, तर ७.००. सर म्हणाले, "थोडं कॉस्टिक टाक आणि आण ७.४ वर." कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. विद्यार्थ्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गणित चुकलं का? मीटर बिघडलंय का? आणि कॉस्टिक टाकून आकडा जुळवणं ही लबाडी नाही का?

मी सव्वीस वर्षं बल्क ड्रगच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये काढली, बफर करण्यात आयुष्याचा बराच भाग गेला. माझं उत्तर असं: तुमची बेरीज-गुणाकार बरोबर आहे आणि मीटरही बहुधा ठीक आहे. घोळ आहे तो ७.२० या आकड्यात. आकडा खरा आहे, पण तो तुमच्या फ्लास्कमधल्या द्रावणाचा नाही.

पुस्तकातला पीकेए असतो अतिविरल द्रावणाचा. पाण्यात आयन इतके थोडे की कुणाला कुणाची झळ लागत नाही, अशी कल्पना करून तो काढलेला असतो. तुमच्या फ्लास्कमध्ये मात्र सोडियम आणि फॉस्फेटची चांगलीच दाटी आहे. डायबेसिक आयनावर दोन ऋणभार, त्यामुळे त्याच्याभोवती सोडियमचा गराडा पडतो. गराड्यात तो स्थिरावतो. मोनोबेसिकवर एकच ऋणभार, त्याला या गराड्याचा फायदा कमी. परिणाम असा की मोनोबेसिक आपला प्रोटॉन अधिक सहज सोडून डायबेसिक होऊ लागतो, म्हणजेच आम्ल थोडं तीव्र झाल्यासारखं वागतं आणि पीकेए खाली सरकतो. ०.१ मोलर फॉस्फेटमध्ये तो ६.८ च्या आसपास येतो. आता तुमचं गुणोत्तर ६१.३ भागिले ३८.७ धरा. त्याचा लॉग ०.२०. त्यात ६.८ मिळवा: ७.०. मीटर दोन्ही दिवस हेच सांगत होतं.

विश्वास बसत नसेल तर मीटरशेजारची कॅलिब्रेशन बफरची बाटली बघा. तिच्यावर ६.८६ लिहिलेलं असेल तर त्या बाटलीत काय असतं माहीत आहे का? ०.०२५ मोलल (दर किलो पाण्यामागे मोल) पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि तेवढंच डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. दोन्ही समसमान, म्हणजे लॉग शून्य. समीकरणाच्या हिशोबाने पीएच ७.२० यायला हवा. पण जगभरातल्या प्रयोगशाळा ज्याच्यावर मीटर लावतात तो प्रमाण बफर २५ अंशांना ६.८६५ आहे. मी नव्या मुलांना हे पहिल्याच दिवशी दाखवायचे, कारण सूत्र आणि बाटली यांचं भांडण लागलं की बाटली जिंकते हे एकदा डोळ्यांनी बघितलेलं बरं.

किती सरकेल याचा ठोकताळा आम्लाच्या भारावरून बांधता येतो. ॲसेटिक आम्लावर भारच नसतो, तिथे ०.१ मोलरला पीकेए साधारण ०.१ ने खाली येतो, ४.७६ चा ४.६५. ट्रिस या दुसऱ्या एका बफरचं आम्लरूप धनभारित, तिथे उलट तेवढाच वर जातो. फॉस्फेटच्या मोनोबेसिकवर एक ऋणभार, तिथे सरक याच्या तिप्पट. सायट्रेटच्या तिसऱ्या प्रोटॉनला पाचपट. म्हणून ॲसेटेट बफर करणाऱ्याला सूत्र देवासारखं वाटतं आणि फॉस्फेट-सायट्रेट करणाऱ्याला ते दगा देतं. सूत्र एकच, आयन वेगळे.

याच कारणाने दहापट तीव्र पीबीएसच्या (मीठ घातलेल्या फॉस्फेट बफरच्या) स्टॉकचा पीएच ६.८ च्या आसपास दिसतो आणि तोच स्टॉक दहापट विरल केला की ७.४ वर येतो. न कळल्यामुळे कित्येक जण त्या स्टॉकमध्येच कॉस्टिक ओतून तो ७.४ करतात आणि मग विरल केल्यावर पीएच आठाकडे का गेला म्हणून डोकं धरून बसतात. जिथे वापरायचं त्या तीव्रतेलाच पीएच बघायचा.

मग ७.४ साठी किती घ्यायचं? ०.१ मोलर सोडियम फॉस्फेटचा जुना, प्रत्यक्ष मोजून तयार केलेला तक्ता सांगतो: डायबेसिक ८१ भाग, मोनोबेसिक १९ भाग. त्याच तक्त्यात ६१ आणि ३९ समोर पीएच ७.० लिहिलेला आहे. म्हणजे तुम्ही नकळत ७.० चा बफर अगदी उत्तम केलात! असे तक्ते करण्याची परंपरा सोरेनसनपासूनची. ज्याने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत पीएच ही कल्पनाच मांडली, तोच हा. बिअरवाल्यांची प्रयोगशाळा ती. त्या लोकांनी बफर कागदावर नाही, इलेक्ट्रोडसमोर बसून ठरवले.

आता कॉस्टिकची लबाडी. सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड टाकलं की डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट आणि पाणी तयार होतं, दुसरं काही नाही. बाटलीतलं डायबेसिक कारखान्यातही फॉस्फोरिक आम्ल अल्कलीने उदासीन करूनच बनवलेलं असतं. तेव्हा सोडियम फॉस्फेट बफरमध्ये कॉस्टिक घालणं म्हणजे बाहेरची भेसळ नव्हे, आतल्याच दोन रूपांचं प्रमाण बदलणं. तुमच्या सध्याच्या लिटरला ६१ चं ८१ करायचं तर सुमारे २० मिलिमोल कॉस्टिक लागेल, ५ मोलरचं ४ मिलि. मार्क भरून झाल्यावर ४ मिलि घातलं तर तीव्रता ०.४ टक्क्याने कमी होते. एन्झाइमच्या प्रयोगात हे कुणाला कळणारही नाही. पण सवय लागू देऊ नका. क्षार ९०० मिलिमध्ये विरघळवायचे, पीएच आणायचा आणि मग फ्लास्कमध्ये मार्क गाठायचा.

लबाडी कुठे होते सांगते. आकडा ७.४ च्या पुढे गेला म्हणून हायड्रोक्लोरिक ॲसिड, मग ते जास्त झालं म्हणून परत कॉस्टिक, परत ॲसिड. प्रत्येक फेरीला बीकरमध्ये मीठ वाढतं. शेवटी मीटर ७.४० दाखवतं, पण तुमच्या बफरमध्ये किती सोडियम क्लोराइड आहे हे तुम्हालाही ठाऊक नसतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नेमकं हेच केलं होतं. एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राचा बफर, संध्याकाळची वेळ, बस पकडायची घाई. दुसऱ्या दिवशी यंत्राच्या आलेखावर (क्रोमॅटोग्राम) पीक कालच्यापेक्षा आधी आला. आमच्या सीनिअर बाईंनी क्रोमॅटोग्राम हातातही घेतला नाही, नुसतं विचारलं, "काल किती वेळा मागंपुढं केलंस?" मी तीनदा म्हटलं. सहा वेळा केलं होतं. तेव्हापासून नियम ठरला: एकाच दिशेने जायचं, आणि आकडा ओलांडला तर बफर सिंकमध्ये. फॉस्फेट महाग नाही.

ओलांडला जाऊ नये म्हणून तीव्र कॉस्टिकने सुरुवात करा, ७.२ आलं की १ मोलरवर या. या भागात लिटरभर बफरला १ मिलिमोल कॉस्टिकने पीएच साधारण ०.०३ ने हलतो, म्हणजे १ मोलरचं एक मिलि टाकून थांबायला भरपूर जागा आहे. थेंब टाकल्यावर आकडा एकदम उडी मारून परत खाली येतो, तो इलेक्ट्रोडजवळच्या न मिसळलेल्या कॉस्टिकचा आकडा असतो. स्टरर चालू ठेवा आणि अर्धा मिनिट हात आवरा. कॉस्टिकचं द्रावण ताजं असू दे. बुचाशी पांढरी खपली धरलेल्या जुन्या बाटलीत कार्बोनेट झालेलं असतं.

यापेक्षाही मला आवडते ती दोन बाटल्यांची पद्धत, आणि तुमच्यासाठी मी तीच सुचवेन. ०.१ मोलर डायबेसिक एक लिटर करा, निर्जल १४.२० ग्रॅम. वेगळ्या फ्लास्कमध्ये ०.१ मोलर मोनोबेसिक २५० मिलि करा, डायहायड्रेट ३.९० ग्रॅम. डायबेसिकचं ८१० मिलि मोठ्या बीकरमध्ये घेऊन स्टररवर ठेवा. इलेक्ट्रोड आत सोडलात की ९ च्या वर काहीतरी दिसेल. मोनोबेसिकचं १६० मिलि बिनधास्त ओता, मीटर ७.५ च्या आसपास येईल. पुढे पाच-पाच मिलिने जा, १९० च्या जवळपास ७.४० लागेल. दोन्ही बाटल्या ०.१ मोलर असल्यामुळे कशीही मिसळली तरी एकूण फॉस्फेट ०.१ मोलरच राहतं. मार्क गाठायची भानगड नाही, बाहेरचं मीठ नाही, आणि ओलांडलं तरी दुसऱ्या बाटलीतलं थोडं घालून परत येता येतं. ओढाताण परवडणारी ही एकच पद्धत मला माहीत आहे.

वजनाबद्दल एक सांगायलाच हवं. तुमच्या बाबतीत चूक तिथे नाही हे मला तुमच्याच आकड्यावरून कळलं, कारण निर्जल समजून डायहायड्रेट घेतलं असतं तर मीटरने ६.९ दाखवलं असतं आणि बारा पाण्याचं (प्रत्येक रेणूमागे पाण्याचे बारा रेणू असलेलं) घेतलं असतं तर ६.६. पण इतरांना मी आधी बाटलीच दाखवायला सांगते. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट बाजारात निर्जल, दोन, सात आणि बारा पाण्याचं मिळतं. रेणुभार अनुक्रमे १४१.९६, १७७.९९, २६८.०७ आणि ३५८.१४. एकाच कपाटात तीन प्रकार शेजारीशेजारी, लेबलं सारखीच.

त्यातलं बारा पाण्याचं फार खोडकर. एका मे महिन्यात आमच्याकडे बफर सारखा ७.५ च्या वर यायला लागला. वजनं तपासली, मीटर तपासलं, पाणी बदललं. शेवटी डायबेसिकचा डबा उघडून बघितला तर झाकण अर्धवट लागलेलं. खाली काचेसारखे पारदर्शक खडे आणि वर बोटाने चुरा होणारी पांढरी भुकटी. कोरड्या हवेत ते आपलं स्फटिकजल सोडून देतं आणि बाराचं सात पाण्याचं व्हायला लागतं. मग ग्रॅम तेवढेच, पण मोल जास्त. तेव्हापासून मी मागणीपत्रावर निर्जल किंवा डायहायड्रेट एवढंच लिहिलं.

मीटरवर विश्वास ठेवा म्हणते आहे, पण तो आंधळा नको. ७.४ साठी ७ आणि ९.२ या दोन बफरवर कॅलिब्रेट करा, म्हणजे तुमचा आकडा दोघांच्या मध्ये पडेल. नुसतं ४ आणि ७ वर लावून त्यापलीकडचं वाचू नका. स्लोप (इलेक्ट्रोडचा प्रतिसाद अपेक्षेच्या किती टक्के आहे तो आकडा) ९५ ते १०५ टक्क्यांत आहे का बघा. बाटलीवर ६.८६ आहे की ७.०० हे नीट वाचा आणि मीटरला तेच सांगा, ६.८६ च्या बफरमध्ये बुडवून मीटरला ७.०० सांगितलं की ७ च्या आसपासचं वाचन साधारण ०.१४ ने चुकतं आणि स्लोप मात्र छान दिसू शकतो. वापरलेला कॅलिब्रेशन बफर बाटलीत परत ओतू नका, विशेषतः ९.२ चा, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून खाली येतो. इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाही. आणि मोजताना त्याचं भरण्याचं भोक उघडं असू दे. आकडा एका जागी ठरत नाही अशा तक्रारींपैकी निम्म्या त्या भोकाचं रबरी बूच काढल्याने सुटतात.

तापमानाची गोष्ट बफरप्रमाणे बदलते. फॉस्फेट फार सोशिक, एका अंशाला पीएच जेमतेम ०.००३ ने हलतो. एसी नसलेल्या लॅबमध्ये ३४ अंशांना केला काय आणि २५ ला केला काय, फरक दुसऱ्या दशांश स्थळावर. ट्रिस मात्र अंशागणिक ०.०२८ ने घसरतो. २५ अंशांना ८.० केलेला ट्रिस शीतगृहात ४ अंशांना ८.६ च्या घरात जातो आणि ३७ ला ७.७ वर येतो. इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे की मीटरची तापमान-भरपाई हे सांभाळून घेते. ती फक्त इलेक्ट्रोडच्या मिलिव्होल्टचा हिशोब सुधारते. बीकरमधल्या ट्रिसचा खरा पीएच बदलतो त्याला ती काही करू शकत नाही. म्हणून ट्रिस वापरायच्या तापमानालाच जुळवावा. ॲसिड टाकल्यावर बीकर कोमट लागतो, तो निवेपर्यंत थांबावं.

बाकी काय योग्य ते तुमच्या प्रयोगावर अवलंबून आहे. पुढे एसडीएस (प्रथिनं उलगडणारा साबणासारखा पदार्थ) वापरणार असाल तर सोडियमचेच क्षार ठेवा, पोटॅशियम आलं की ते साक्यासारखं खाली बसतं. एन्झाइम बफरसकट गोठवून ठेवणार असाल तर उलट पोटॅशियम फॉस्फेट बरा. सोडियम फॉस्फेट गोठताना डायबेसिक आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं आणि उरलेल्या द्रवाचा पीएच दोन-तीन अंकांनीही कोसळू शकतो. त्यात बिचारं एन्झाइम मरतं आणि दोष फ्रीझरला दिला जातो. एन्झाइमला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम लागत असेल तर फॉस्फेट त्याच्याशी साका करून बसतो, तिथे हेपीससारखा बफर घ्यावा. आणि उरलेला फॉस्फेट बफर बाकावर ठेवू नका. जिवाणूंना तो आवडतो, पावसाळ्यात तर बघता बघता गढूळ होतो. ०.२२ मायक्रॉनमधून गाळून फ्रिजमध्ये ठेवा, बाटलीवर तारीख, तापमान आणि प्रत्यक्षात किती मिलि मोनोबेसिक लागलं ते लिहा. पुढच्या वेळी तेवढंच घ्या, मीटर फक्त खातरजमेपुरतं.

तुम्ही एन्झाइम कोणतं हे लिहिलेलं नाही. अल्कलाइन फॉस्फेटेज असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा: फॉस्फेट हे त्या अभिक्रियेचं उत्पादन आहे आणि तेच एन्झाइमला अडवतं. त्याला ट्रिस किंवा ग्लायसिन लागेल, आणि पीएचही ७.४ नाही, ९ च्या वर.